दुसरा बाण आम्ही काढू. पहिल्या बाणाचा हिशोब कोण देणार?



सध्या ध्यानाचा बाजार तेजीत आहे. मोबाइल उघडला की कोणीतरी डोळे मिटून बसायला सांगतो. कॉलेजात ‘तणावमुक्त जीवन’ या विषयावर व्याख्यान असते, कंपनीत ‘माइंडफुलनेस’ची कार्यशाळा असते. सगळ्यांचा निष्कर्ष एकच असतो: दुःख तुमच्या मनात आहे, मन बदला म्हणजे दुःख जाईल. हा उपदेश आता आमच्या फोंडाघाटपर्यंतही पोहोचला आहे. शिष्यवृत्तीचे पैसे महिनोनमहिने खात्यात न आलेल्या मुलांसमोर उभे राहून एक वक्ते तासभर ‘पॉझिटिव्ह विचार करा’ असे सांगत होते. रोज बसचे भाडे कुठून आणता, हे त्यांनी एकाही मुलाला विचारले नाही.

या उपदेशाला आमचा विरोध आहे. ध्यानाला मात्र आमचा विरोध नाही. हा फरक आपल्या तरुणांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो न समजल्यामुळे आपले दोन्हीकडून नुकसान होत आहे. काहीजण ध्यानाला बसतात आणि चळवळ सोडतात. काहीजण चळवळीत राहतात आणि मनाने पोखरून जातात.

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे बाण. भगवान बुद्ध तिथे सांगतात की अजाण माणसाला दोन बाण लागतात. पहिला शरीराच्या वेदनेचा. दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आक्रोशाचा. जाणता माणूस पहिल्याची वेदना भोगतो, पण दुसरा लावून घेत नाही. मनाच्या आरोग्याबद्दल यापेक्षा नेमके कोणी काही सांगितले असेल असे आम्हाला वाटत नाही.

सुत्तातला पहिला बाण शारीरिक वेदनेचा आहे, तो कोणालाही लागू शकतो. आमच्या आयुष्यात मात्र पहिला बाण आपोआप येत नाही, तो कोणीतरी मारतो. बौद्धवाडीतला पोरगा मुंबईला जातो, दिवा-नालासोपाऱ्यात भाड्याची खोली शोधतो आणि आडनाव सांगितल्यावर खोली ‘आत्ताच दिली गेली’ असे ऐकतो. हा पहिला बाण. मग रात्री झोप लागत नाही, ‘आपल्यातच काहीतरी कमी आहे’ असे वाटू लागते, घरच्या फोनवर चिडचिड होते, बाटली जवळची वाटू लागते. हा दुसरा बाण. ध्यान दुसरा बाण काढायला शिकवते. आडनाव विचारणारा घरमालक त्याने बदलत नाही.

बाजारू ध्यानाची लबाडी इथेच आहे. ते दुसऱ्या बाणावर बोलते आणि पहिला बाण होताच कुठे, असे भासवते. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला भेद समजावून सांगितला. एका माणसाला नोकरी नसेल तर त्याच्याकडे बघावे. लाखोंना नसेल तर समाजरचनेकडे बघावे. ‘मन बदला’ म्हणणारा उपदेशक नेमके उलटे करतो. सार्वजनिक प्रश्न उचलतो, त्याचे तुकडे करतो आणि एकेक तुकडा प्रत्येकाच्या डोक्यात खासगी आजार म्हणून ठेवून देतो.

याची किंमत आम्ही मोजली आहे. रोहित वेमुला, १७ जानेवारी २०१६. डॉ. पायल तडवी, २२ मे २०१९. दर्शन सोळंकी, १२ फेब्रुवारी २०२३. अशा प्रत्येक मृत्यूनंतर ‘ताण सहन झाला नाही’, ‘मनाने खंबीर असायला हवे होते’ असे म्हणणारे भेटतातच. म्हणजे मरणाऱ्यालाच आरोपी करायचे. ज्या वर्गात, ज्या वसतिगृहात, ज्या वॉर्डात तो ताण तयार होतो त्या जागेला कोणी ‘आत्मपरीक्षण कर’ असे सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, धम्मपदाची पहिलीच गाथा मनाला अग्रस्थान देते आणि बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात मनाला केंद्रस्थानी ठेवले आहे, मग तुम्ही मनाला दुय्यम कसे ठरवता? आम्ही दुय्यम ठरवत नाही. १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी हेच मांडले की जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे. उत्तम! मग प्रश्न असा की कोणाच्या मनाची? स्वच्छतेची गरज आधी कोणाच्या मनाला आहे? ज्याला विहिरीवरून हाकलले त्याच्या, की ज्याने हाकलले त्याच्या? दुःखाचे मूळ मनात आहे हे खरे मानायचे असेल तर जातीचे मन बाळगणाऱ्यांची शिबिरे आधी भरवा. जखमीला औषध आणि मारेकऱ्याला मोकळीक, हा धम्म नव्हे.

बाबासाहेबांचा तोच ग्रंथ उघडून पाहा. तिथे सिद्धार्थ घर सोडतो ते म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यातून त्याला देश सोडावा लागतो. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत बुद्धाच्या शोधाची सुरुवात एका सामाजिक संघर्षातून होते. पुढे गयेला तो चार आठवडे ध्यानाला बसतो. पण बसण्याआधी काय करतो? चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न गोळा करून ठेवतो! आणि ध्यानाची पहिली पायरी कोणती? तर्क आणि चिकित्सा. एकाग्रता दुसऱ्या पायरीवर येते. समता आणि स्मृती त्यानंतर. आजच्या बाजारात जे ध्यान मिळते त्यात पहिली पायरीच काढून टाकली आहे. विचारू नका, फक्त श्वास पाहा. चिकित्सेशिवायची एकाग्रता ही बाबासाहेबांनी दाखवलेली वाट नाही.

चाळीस दिवसांच्या अन्नाची गोष्ट साधी वाटते, पण तिच्यात सगळे अर्थशास्त्र आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली, १९७६ साली इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. तिथे शिबिराचे शुल्क घेत नाहीत, जात विचारत नाहीत, आणि आपल्या हजारो बांधवांना त्याचा लाभ झाला आहे. हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण शिबिर दहा दिवसांचे असते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला त्यासाठी रजेची सोय आहे. काजूच्या बागेत मजुरी करणाऱ्या आमच्या मावशीचे दहा दिवस कोण भरून देणार? आणि घरातला पुरुष ध्यानाला बसतो तेव्हा भाकरी कोण थापत असते? तिच्या वाट्याला पंधरा मिनिटांची शांतता कधी येते? ज्यांना याचे उत्तर देता येत नाही त्यांनी गरिबाला ‘तू मनावर काम कर’ असे सांगू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शिबिराहून परतलेले काही बांधव म्हणतात, ‘आता मोर्चे नकोत, राग हा विकार आहे.’ आम्ही त्यांना महाडला घेऊन जाऊ इच्छितो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. बदला घ्यायला माणसे तयार होती, संख्येनेही कमी नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. हातघाई टाळली, पण लढा सोडला नाही. हल्लेखोरांवर खटले चालले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, आणि तळ्याचा दावा लढत लढत १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकला. यालाच आम्ही ध्यान म्हणतो. दहा वर्षे न ढळणारे लक्ष! राग त्यांनी गिळला नाही आणि उधळूही दिला नाही, त्याला कामाला लावले.

आणि आता चळवळीतल्या आपल्याच मित्रांशी दोन शब्द. तुम्ही ध्यानाला पळपुटेपणा म्हणून हसता. मग सांगा, रात्री दोनपर्यंत फेसबुकवर आपल्याच माणसांशी भांडणे हा कोणता संघर्ष? जयंतीच्या वर्गणीवरून दोन मंडळे फुटतात, तेव्हा कोणत्या मनुवाद्याने कट केलेला असतो? गोव्याची स्वस्त दारू आमच्या जिल्ह्यात वाडीवाडीवर पोहोचते आणि पंचशीलातले पाचवे शील तोंडपाठ असलेला कार्यकर्ता तिला पाठ दाखवू शकत नाही. हेही दुसऱ्याच बाणाचे घाव आहेत. ते काढायला कोणी बाहेरचा येणार नाही.

त्यासाठी आपल्याकडे उसन्या तंत्रांची गरज नाही. मज्झिम निकायात राहुलोवाद सुत्त आहे. अशोकाने आपल्या बैराटच्या शिलालेखात वाचायला सांगितलेल्या धम्मवचनांत राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख आहे. त्यात बुद्ध राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहा: यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते का? शरीराची कृती, वाणीची कृती, मनाची कृती, तिन्ही तपासा. कृतीने किंवा वाणीने इजा झाली असेल तर जाणत्या सोबत्याजवळ ती उघड करा. बुद्धाचे आत्मपरीक्षण हे असे आहे. त्यात ‘मला कसे वाटते’ एवढाच प्रश्न नाही. ‘माझ्यामुळे दुसऱ्याचे काय झाले’ हाही प्रश्न आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे आली की धम्म आला, असे बाबासाहेब मांडतात ते याच अर्थाने.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक वाडीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे आनापान करा. त्या पंधरा मिनिटांत चूल पुरुषांकडे आणि बायका विहारात, असेही करून पाहा. मग राहुलाचे प्रश्न स्वतःला विचारा. आणि त्यानंतर उठू नका. आठवड्यात कोणाला पहिला बाण लागला, कोणाची शिष्यवृत्ती अडली, कोणाचा पाणंदीचा रस्ता अडवला, कोणाला कामावरून काढले, ते वहीत लिहा आणि सोमवारी कोण तहसीलला जाणार ते ठरवा. ज्या ध्यानानंतर वही उघडत नाही ते अर्धे आहे. ज्या वहीमागे शांत मन नाही ती वही चार महिन्यांत बंद पडते.

एक सूचना महत्त्वाची आहे. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याच्या मनात जीव संपवण्याचे विचार येतात, त्याला ‘ध्यान कर’ सांगून सोडू नका. विपश्यना केंद्रेही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराचा सल्ला देत नाहीत. त्याला डॉक्टरकडे न्या, सोबत बसा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. उपचार घेणे ही कमजोरी नाही, तो हक्क आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो लिहून दिला आहे.

आमची शांतता आम्हाला हवी आहे. पण ती झोपलेल्या माणसाची शांतता नको, नेम धरलेल्या माणसाची हवी. दुसरा बाण आम्ही स्वतः काढू, त्यासाठी श्वासावर बसू, आरशात पाहू, व्यसन सोडू. मात्र पहिला बाण मारणाऱ्याने आम्हाला शांत राहायला शिकवू नये. त्याने आधी धनुष्य खाली ठेवावे.

नमो बुद्धाय! जय भीम!