पाण्याचा ताळेबंद

तुळजापूर येथे टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल 1986 पासून आहे. शाश्वत उपजीविका व नैसर्गिक संसाधने हा तेथील एक अध्ययनविषय असून विद्यार्थ्यांना गावांत प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करावे लागते.

अशा अभ्यासाची रीत व्यापाऱ्यास अपरिचित नाही. पाऊस ही जमा. पिके, जनावरे व पिण्याचे पाणी हा खर्च. पाटपाण्यावरील एक एकर ऊस वर्षाला सुमारे 80 लाख लिटर पाणी घेतो. दरडोई दररोज 55 लिटर या सरकारी मापाने तेवढे पाणी सुमारे 400 माणसांना वर्षभर पुरते. धाराशिवच्या भूगर्भातील कठीण काळा पाषाण पाणी फारसे साठवीत नाही. म्हणून मागील शिल्लकही तोकडीच. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

विहीर आटली की शेतकऱ्याची उधारी थकते आणि आडतीवरील आवकही घटते. पाणी गाळून, जपून वापरण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांनी दिवाळीच्या वहीपूजनाबरोबर आपल्या गावाची ही वहीही उघडून पाहावी. ज्या खात्यातून केवळ उचलच होते, ते खाते फार काळ चालत नाही.