सूतिकागाराचे विस्मरण

सुनेला दिवस गेल्याची वार्ता कळताच मध्यमवर्गीय घरात पहिली चर्चा होते ती डोहाळजेवणाची. झोपाळ्यावरचे की नावेतले, फुलांची वाडी कोणाकडून आणायची, येथपर्यंत सारे ठरते. जोडीला गर्भसंस्काराचे वर्ग, ध्वनिफिती आणि पुस्तके असतात. यात आक्षेपार्ह काही नाही. गर्भिणीचे मन प्रसन्न राहावे, हा आपल्या परंपरेचा आग्रह रास्तच आहे. मात्र त्याच परंपरेचा दुसरा, अधिक कष्टाचा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय केवळ सौमनस्याचा उपदेश करून थांबत नाही. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध असावे. पाणी, अग्नी, तूप-तेल, सुया आणि धातूची उपकरणे हाताशी असावीत. अनेकदा प्रसूत झालेल्या, मायाळू स्त्रिया जवळ असाव्यात, असे तो सांगतो. वार न पडल्यास काय करावे, याचाही विचार तेथे आहे. सुश्रुताने तर अडलेल्या गर्भाचे, मूढगर्भाचे, स्वतंत्र विवेचन केले. त्यातील उपाय आज कालबाह्य झाले असतील; पण संकटाचा आधी विचार करणे म्हणजे अपशकुन, ही समजूत या ग्रंथकारांची खासच नव्हती.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या १० दिवसांत गेले, तेव्हा त्या १४ वर्षांच्या होत्या. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परंपरेचा अभिमान आणि आधुनिक विद्येची निकड यांत त्यांना विरोध दिसला नाही.

देशात २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. महाराष्ट्रात ते १३० वरून ३३ झाले. ही प्रगती मोठी आहे. परंतु प्रसूतीनंतरचा रक्तस्राव पूर्वसूचना देत नाही. नऊ महिने निरोगी असलेल्या स्त्रीचेही गर्भाशय बाळ जन्मल्यावर आकुंचन पावेनासे होऊ शकते आणि मग हिशेब तासांचा नव्हे, मिनिटांचा असतो. अशा वेळी रक्त कोठून आणायचे, याची चौकशी सुरू होत असेल, तर नऊ महिने घराने केले काय?

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत मायेची आहे. पण सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते आणि तपासण्यांचे कागद सासरच्या कपाटात राहतात. नव्या डॉक्टरांना तिचा रक्तदाब पूर्वी किती होता, हे ठाऊक नसते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. यांपैकी काहीही झाले तरी ‘जावईबापूंना येऊ दे, मग ठरवू’ हे उत्तर घातक ठरू शकते. निर्णय कोणी घ्यायचा, शस्त्रक्रिया व नवजात बाळाच्या उपचारांची सोय कोणत्या रुग्णालयात आहे आणि रात्री वाहन कोणाचे, हे ओटी भरण्याच्या दिवशीच ठरवता येते. तिचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असल्यास ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

मेळघाटातील धारणीहून अमरावतीचा रस्ता सुमारे १५० किलोमीटरचा, त्यात घाट. तेथील गर्भिणीला ही तयारी अधिकच अगत्याची. दुर्गम भागांतील काही आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आले की तेथे येऊन राहता येते. तेवढे दिवस तिची थोरली मुले कोण सांभाळणार, या प्रश्नावर मात्र बेत अडतो. तो शासनाने नव्हे, शेजाराने सोडवायचा आहे.

आपल्या कार्यकर्त्यांना रक्तदान नवे नाही. पुण्याच्या जनकल्याण रक्तपेढीमागे असेच स्वयंसेवक उभे आहेत. वस्तीत या महिन्यात कोणाचे दिवस भरत आहेत, तिचा रक्तगट कोणता आणि त्या गटाचे तीन दाते कोण, एवढी वही प्रत्येक शाखेने व महिला मंडळाने ठेवावी. शासकीय रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते; नोंदीची सुरुवात त्या दिवशी तिच्यासोबत जाऊन करता येईल.