बाई, माझ्या डब्यात सुरी आहे

सकाळची घाई तुम्हाला वेगळी सांगायला नको. एका हाताने पोळी उलटायची, दुसऱ्या हाताने डबा भरायचा आणि तोंडाने मुलाला बूट घालायला सांगत राहायचं. अशाच एका सकाळी अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात एका आईने दहा वर्षांच्या लेकीच्या डब्यात सफरचंद ठेवलं आणि ते कापायला एक छोटी सुरी ठेवली. ही १९९७ सालची गोष्ट.

शाळेत गेल्यावर मुलीला डब्यात सुरी दिसली. शाळेत असलं काही आणायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. ती उठली आणि सुरी बाईंकडे नेऊन दिली. बरोबर केलंस, असं बाईंनी तिला सांगितलं. आणि त्यानंतर तिला शाळेतून काढून टाकण्यात आलं.

आता जरा थांबा आणि विचार करा. तिने डब्याचं झाकण गुपचूप लावून टाकलं असतं, सफरचंद तसंच दातांनी खाल्लं असतं आणि संध्याकाळी सुरी घरी परत आणली असती, तर काय झालं असतं? काहीच नाही. शिक्षा सुरीची नव्हतीच म्हणा ना. सुरी दिसल्याची होती, आणि ती तिने स्वतःच दाखवली होती.

या धोरणाला तिकडे 'झिरो टॉलरन्स' म्हणतात. म्हणजे चूक कुणाची, का झाली, हेतू काय होता, यातलं काही बघायचं नाही. नियम मोडला की ठरलेली शिक्षा. हे आलं कुठून, तर बंदुकीच्या भीतीतून. १९९४ साली अमेरिकेने कायदा केला की शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वर्षभर शाळेबाहेर काढायचं. गंमत म्हणजे त्या कायद्यात एक खिडकी ठेवलेली होती. प्रत्येक प्रकरण बघून शिक्षा बदलायची मुभा स्थानिक शिक्षणप्रमुखाला दिलेली होती. पण खाली शाळांपर्यंत पोचेस्तोवर खिडकी बंद झाली आणि यादी मात्र वाढत गेली. बंदुकीबरोबर चाकू आला, अमली पदार्थांबरोबर डोकेदुखीची साधी गोळी आली. १९९९ मध्ये कोलोराडोतल्याच कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून तेरा जणांचा जीव घेतला, तेव्हा तर सैल नियम ठेवायची हिंमत कुणाला उरली नाही.

त्या पालकांची भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य करू. आणि कडक नियमाचं आपल्यालाही आकर्षण असतंच. आपल्याकडे 'हा कुणाचा मुलगा' हे विचारून शिक्षा ठरते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. विश्वस्तांच्या पुतण्याला समज आणि रिक्षावाल्याच्या पोराला दाखला. अशा वेळी वाटतं, नियम एकच असावा आणि तो सगळ्यांना सारखा लागावा. अमेरिकेतही हीच आशा होती. पण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या तज्ज्ञ गटाने वीसेक वर्षांच्या अनुभवाचा आढावा घेतला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कृष्णवर्णीय मुलांना जास्त शिक्षा होण्याचं प्रमाणही त्याने मिटलं नाही.

मला जास्त अस्वस्थ करतं ते व्हर्जिनिया राज्यातलं प्रकरण. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये आठवीतल्या एका मुलाला त्याच्या मैत्रिणीने सांगितलं की काल रात्री माझ्या मनात जीव द्यायचे विचार होते आणि माझ्या फाइलमध्ये चाकू आलाय. आधीही ती यातून गेली होती आणि रुग्णालयात राहून आली होती, हे त्याला माहीत होतं. त्याने ती फाइल तिच्याकडून घेतली आणि आपल्या लॉकरमध्ये ठेवली. संध्याकाळी तिच्या आणि आपल्या आईवडिलांना सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. शाळेला कुणकुण लागली. बाईंनी बोलावून विचारलं तेव्हा त्याने लपवाछपवी केली नाही, फाइल काढून हातात दिली. त्याने मैत्रिणीच्या भल्यासाठीच हे केलं, हे शाळेलाही पटलेलं होतं. तरी त्याला आधी दहा दिवस आणि मग उरलेल्या सत्रभर शाळेबाहेर ठेवलं.

प्रकरण न्यायालयात गेलं. २००१ साली अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शाळेने सुनावणीची रीत पाळली होती, धोरण शहाणपणाचं आहे की नाही हे बघणं आपलं काम नाही, असा त्याचा अर्थ. त्यातल्या एका न्यायाधीशांनी मात्र स्वतंत्र टिपण लिहून हा अतिरेक असल्याचं नोंदवलं.

तुम्ही म्हणाल, त्याने लगेच मोठ्या माणसाला सांगायला हवं होतं. अगदी बरोबर. अशा गोष्टीत एक तासही थांबायचं नसतं, हे आपण आपल्या मुलांना सांगायलाच हवं. पण स्वतःला त्या तेरा वर्षांच्या मुलाच्या जागी ठेवून बघा. सांगितलं की मैत्रीण शाळेतून जाणार, हे ज्या शाळेत आधीच ठरलेलं आहे, तिथे मूल सांगायला येईल की लॉकर उघडेल?

पुढे २००९ मध्ये डेलावेअर राज्यात सहा वर्षांचा एक मुलगा कॅम्पिंगचा चमचा घेऊन शाळेत आला. चमचा, काटा आणि सुरी एकातच घडी होणारा. नवीन वस्तू, डब्याला वापरायची हौस. शिक्षा काय, तर पंचेचाळीस दिवस बेशिस्त मुलांच्या वेगळ्या शाळेत. देशभर ओरड झाली आणि तिथल्या शाळा मंडळाने बालवाडी-पहिलीच्या मुलांपुरता नियम सैल केला.

हे सगळं मोठ्या मुलांचं आणि न्यायालयांचं झालं. तीन-चार वर्षांच्या मुलांवर कडक शिस्तीचा काय परिणाम होतो, याचा एक छान अभ्यास व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या दोन संशोधकांनी २०११ मध्ये मांडला. पश्चिम आफ्रिकेतल्या एकाच वस्तीतल्या दोन शाळा त्यांनी घेतल्या. एका शाळेत छडी, चापट, चिमटे, तेही सगळ्यांसमोर. दुसरीत रागावणं आणि थोडा वेळ बाजूला बसवणं. दोन्हीकडच्या मुलांशी एक खेळ खेळले. मुलाने पाठमोरं बसायचं, मागे ठेवलेलं खेळणं नुसत्या आवाजावरून ओळखायचं. मग ताई म्हणायची, मी आलेच हं, मागे वळून बघू नकोस. आणि ती बाहेर जायची.

बघितलं बहुतेक सगळ्यांनी. तीन वर्षांचं पोर ते, बघणारच! फरक पडला तो ताई परत आल्यावर. 'बघितलंस का?' असं विचारल्यावर रागावण्यावर भागणाऱ्या शाळेतल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी जास्त खोटं बोलली. छडीच्या शाळेत जवळपास सगळीच. एवढंच नाही. 'मग काय असेल बरं ते खेळणं?' असं पुढे विचारल्यावर छडीच्या शाळेतली मुलं खोटं जास्त सफाईने निभावून न्यायची, माहीतच नसल्यासारखं मुद्दाम चुकीचं नाव सांगायची. त्या शाळेने नकळत शिकवलेला हा एक विषयच म्हणायचा.

कांग ली यांच्याच गटाने २०१४ मध्ये गोष्टींची परीक्षा घेतली. मुलांनी खरं बोलावं म्हणून आपण त्यांना 'लांडगा आला रे आला' सांगतो. ती सांगून काही उपयोग झाला नाही, खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओचाही झाला नाही. उपयोग झाला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा. छोटा जॉर्ज वडिलांचं चेरीचं झाड तोडतो, कबूल करतो आणि वडील त्याला जवळ घेतात. शेवट बदलून खोटं बोलल्याचा वाईट परिणाम दाखवला, की तीच गोष्ट निकामी. (ही गोष्ट खरी घडलेली नाहीच. वॉशिंग्टन गेल्यावर त्यांच्या एका चरित्रकाराने ती रचली. खरं बोलण्याची जगातली सर्वांत गाजलेली गोष्ट खोटी निघावी, याला काय म्हणायचं!)

आपल्याकडे अशी गोष्ट म्हटली की टिळकांची शेंगांची टरफलं आठवतात. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपलं सगळं लक्ष बाळ टिळकांवर असतं. कधी दुसरीकडे बघितलंय का? वर्गात कुणीतरी शेंगा खाल्ल्या होत्याच ना! त्या मुलाने काय केलं? आपल्याला जशी सांगितली गेली, त्या गोष्टीत तो कुठेच उभा राहून 'गुरुजी, मी खाल्ल्या' म्हणत नाही. सगळ्या वर्गाला सरसकट शिक्षा होणार म्हटल्यावर त्याने गप्प राहून चार टरफलं उचलणं सोपं होतं. निर्भय मूल एखादंच असतं. बाकीची आपल्या-तुमच्या घरातल्यासारखी, हिशेब करणारी.

भारतात कायदा थोडा वेगळा आहे आणि तो पालकांना माहीत असावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम १७ मारहाणीला आणि मानसिक छळालाही मनाई करतं. तरी पालकांना बोलावून 'तुम्हीच दाखला काढून न्या, म्हणजे पुढे त्याला त्रास नको' असं गोड शब्दांत सुचवलं जातं. कागदावर ते 'पालकांच्या इच्छेने' होतं. दिल्ली असो, इंदूर असो की पुणे, शाळेच्या डायरीचं नियमांचं पान उघडून बघा. मोबाइल सापडला तर काय, फटाके सापडले तर काय, कॉपी सापडली तर काय. सगळीकडे शब्द एकच, 'सापडला'. मूल स्वतःहून आलं तर काय, याची ओळ बहुधा नसते.

कोलोराडोच्या कायद्यात पुढे तशी ओळ आली. आपल्याजवळ हत्यार आहे हे विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, त्याने शिक्षकांना सांगितलं आणि शक्य तितक्या लवकर ते सुपूर्द केलं, तर त्याला काढून टाकणं सक्तीचं राहणार नाही आणि त्याचं हे वागणं निर्णय घेताना लक्षात घेतलं जाईल. टेक्सासने २००९ मध्ये मुलाचा हेतू बघणं शाळांवर बंधनकारक केलं. इलिनॉय राज्याने तर २०१६ पासून सरसकट झिरो टॉलरन्सच बंद केलं. याचा अर्थ चाकू मुलाकडे राहू दिला असा नाही. चाकू काढून घ्यायचाच, घरी कळवायचंच, चौकशी करायचीच. फक्त स्वतः चालत आलेलं मूल आणि पकडलं गेलेलं मूल यांना एकाच खात्यात टाकायचं नाही.

आणि आता घराकडे वळू, कारण मुलांना पहिलं झिरो टॉलरन्स भेटतं ते घरातच. 'पुन्हा खोटं बोललास तर बघ' हे वाक्य आपण सगळेच बोललो आहोत. घटक चाचणीत नापास झालेलं मूल पेपरवर बाबांची सही स्वतःच करतं, तेव्हा सहीचा सराव करताना त्याच्या डोळ्यांसमोर मागच्या वेळचा बाबांचा चेहरा असतो.

एक सवय मोडता येते का बघा. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायची. फोन गादीखाली गरम लागतोय आणि आपण विचारतो, 'तू गेम खेळत होतास का?' हा प्रश्न नव्हे, सापळा आहे. त्यापेक्षा सरळ म्हणा, 'फोन गरम आहे, खेळत होतास ते कळलंय. चल, आता अभ्यासाचं काय करायचं ते ठरवू.' खोटं बोलायची वेळच येत नाही. आणि ज्या दिवशी ते स्वतःहून येऊन सांगेल, त्या दिवशी पहिलं वाक्य शिक्षेचं नको. फुटलेल्या काचेचे पैसे खाऊच्या पैशातून कापायचे तर नंतर कापा. सांगितलंस ते बरं केलंस, हे आधी.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिलेला प्रसंग तुम्ही वाचला असेल. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. मन खाऊ लागलं तेव्हा चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली आणि शिक्षाही मागितली. वडिलांनी ती वाचली, डोळ्यांतून पाणी आलं आणि चिठ्ठी फाडून टाकली. त्याआधीचं एक वाक्य आपण वाचताना ओलांडून जातो. वडील मारतील याची भीती वाटत नव्हती, असं ते सांगतात. त्यांनी मुलांना कधी मारल्याचं गांधीजींना आठवत नव्हतं. भीती होती ती त्यांना दुःख होईल याची. चिठ्ठी लिहिली गेली ती अशा घरात.

तेव्हा पुढच्या पालकसभेत गणवेश आणि बसची फी यांच्या मधे हात वर करून एक प्रश्न विचारा. 'माझ्या मुलीच्या दप्तरात चुकून काही नको ते गेलं आणि तिनेच ते बाईंना आणून दिलं, तर तुम्ही काय कराल?' मुख्याध्यापक क्षणभर थबकतील. थबकू द्या. उत्तर मिळालं की ते डायरीत लिहून मागा. घरी आल्यावर तेच लेकीलाही सांगा, तिच्या भाषेत.

आणि हो, उद्या सफरचंद घरीच कापून द्या. थोडं लिंबू लावलं की काळं पडत नाही.