उलटा वारा

'वारा पाहून पाठ द्यावी' ही म्हण मी वर्गात किती पिढ्यांना शिकविली असेल, त्याची गणती नाही. परंतु तिने मला स्वतःला धडा शिकविला तो गेल्या उन्हाळ्यात, राऊच्या पुढे, मालमोटारींच्या रांगेमागे, एका तापलेल्या मोटारसायकलीपाशी.

माझा भाचा पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. इंदूरहून रोज मोटारसायकलने ये-जा करतो. आमच्या तरुणपणीच्या बुलेट, राजदूत, जावा या गाड्यांचे इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होत असे. त्याची गाडी पाण्याने थंड होणारी आहे. 2008 साली आलेल्या यामाहा आर-15 पासून अशा गाड्या आपल्याकडे हळूहळू रुळल्या आणि 2023 मध्ये बुलेटवाल्या रॉयल एनफील्डनेही हिमालयन 450 काढून हीच वाट धरली.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी जेमतेम पाव ते एक-तृतीयांश भाग चाक फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली बहुतेक धुराबरोबर आणि पाण्यावाटे बाहेर पडते. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी पुढच्या चाकामागे बसविलेल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत निवते. गाडी धावत असताना समोरचा वारा हे काम फुकट करतो. गाडी थांबली आणि पाणी शंभर अंशांच्या आसपास गेले, की रेडिएटरमागचा विजेचा पंखा सुरू होऊन समोरची हवा मागे खेचतो. ती तापलेली हवा इंजिनावरून येते ती थेट चालविणाऱ्याच्या पायांवर.

"मामा, पलासियाच्या सिग्नलवर नडग्या भाजून निघतात. पंखाच उलटा फिरवला, तर गरम हवा पुढे जाईल. करू का?" भाच्याने विचारले.

यंत्रातले मला काय कळते? परंतु मुख्याध्यापकाला 'ठाऊक नाही' म्हणण्याची सवय नसते. मी ती म्हण ऐकवली आणि म्हणालो, "अवश्य कर."

रविवारी अंगणात प्रयोग झाला. भाच्याने पंख्याचे पाते काढून उलट्या बाजूने बसविले. परीक्षेसाठी मी रेडिएटरसमोर वर्तमानपत्राची पट्टी धरली. ती पूर्वीसारखीच जाळीला चिकटली! वारा तसूभरही फिरला नव्हता. मग त्याने पाते पूर्ववत बसवून मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केली. आता पट्टी फडफडत दूर गेली. बहिणीने आम्हां दोघांना चहा दिला आणि आम्ही तो विजयी वीरांच्या थाटात घेतला.

आठवडाभर भाच्याचे पाय सुखी होते. पुढच्या रविवारी महूला एका आप्तांकडे निघालो. मी मागे बसलो होतो. राऊच्या पुढे रस्त्याचे काम चालले होते; धड थांबणे नाही, धड धावणे नाही, अशा गतीने मालमोटारींमागून सरकत होतो. एकाएकी तापमानाचा तांबडा दिवा लागला. भाच्याने गाडी कडेला घेतली आणि पाणी पाहण्यासाठी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी शेजारी उभा राहून "पाहा, पाहा" म्हणत होतो! पलीकडच्या टपरीवरचा चहावाला ओरडत धावला नसता, तर काय झाले असते, या विचाराने अजून अंगावर काटा येतो. त्या झाकणाखाली पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे हातातोंडावर उडते.

गाडी पुरती निवल्यावर रमतगमत परतलो. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने सारे ऐकून घेतले. त्याने एक बोल्ट उचलला, त्यावरची चाकी काढून उलट बाजूने चढविली आणि फिरवून दाखविली. आटे पूर्वीच्याच दिशेने बसत होते. पात्याचा पीळही तसाच. ते पालथे घातले तरी पीळ बदलत नाही. तारा बदलल्यावर वारा उलटतो खरा, परंतु पात्याची वक्रता एकाच दिशेसाठी घडविलेली असल्यामुळे त्याचा जोर घटतो. शिवाय चालत्या गाडीत समोरचा वारा मागे रेटतो आणि पंखा पुढे रेटतो. दोघे तुल्यबळ झाले, की रेडिएटरमधून वाहणारी हवा जवळजवळ थांबते. राऊच्या रस्त्यावर आमचे हेच झाले होते.

"और मास्साब, हवा तो वहीं से लेनी पड़ेगी जहाँ ठंडी हो," तो म्हणाला.

हे वाक्य मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिले. पाणी 100 अंश आणि मे महिन्यातली बाहेरची हवा 42 धरली, तर अंतर 58 अंशांचे. उलटा पंखा मात्र इंजिनाच्या अंगची हवा ओढतो. ती 65 धरली, तर अंतर उरते 35. उष्णता या अंतराच्या प्रमाणात वाहते. म्हणजे वाऱ्याचा जोर तेवढाच राहिला असता तरी थंड करण्याची शक्ती दोन-पंचमांशाने घटली असती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली आमची तऱ्हा.

मिस्त्रीने तारा पूर्ववत केल्या. रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकलेला चिखल आणि किडे हलक्या पाण्याने धुऊन काढले, आतले जुने शीतक द्रव्य बदलले आणि पंख्यामागे पत्र्याचा एक वाकडा पडदा बसविला. त्यामुळे गरम हवा पायांवर न येता खाली रस्त्याकडे वळते. लांबच्या सिग्नलवर इंजिन बंद करावे, हा सल्ला मात्र त्याने फुकट दिला.

आता भाच्याचे पाय पूर्वीइतके भाजत नाहीत. थोडी धग लागते, ती तो सोसतो. मला मात्र एक गोष्ट सोसत नाही. भाच्याने मला विचारले होते ते वडीलधारा म्हणून, आणि मी उत्तर दिले ते एका म्हणीच्या जोरावर. त्या झाकणावर गेलेला त्याचा हात भाजला असता, तर बहिणीला मी कोणती म्हण ऐकवणार होतो?

शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात एका मुलाने विजेच्या घंटेविषयी काही विचारले. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंकडे जाऊ. मीही येतो."