चाकांवरच्या घरातली ऊब

मैत्रिणींनो, सहलीची एक नवी तऱ्हा आता आपल्याकडेही रुळू लागली आहे. झोपायची बाकं, छोटासा ओटा, जमलंच तर न्हाणीघर, अशी सोय असलेली गाडी भाड्याने घ्यायची आणि मुलाबाळांसह निघायचं. परदेशात हिला कॅम्पर म्हणतात, आपल्याकडे कॅराव्हॅन. हॉटेल शोधण्याची यातायात नाही आणि मुलांच्या पोटात घरचं अन्न जातं. पण डिसेंबर-जानेवारीत मनालीकडे निघालात, की रात्री गाडीचा पत्रा गारठतो आणि आईच्या मनात पहिला प्रश्न येतो : मुलांसाठी हीटर कोणता घ्यावा?

दुकानदार वॅट सांगेल, किंमत सांगेल. आपण मात्र आधी एवढंच विचारायचं : "यात काही जळतं का? जळत असेल तर त्याचा धूर जातो कुठे?" या प्रश्नाच्या उत्तरावरच निवड करायची. मुलं झोपतात त्या बंद जागेत काहीही जळता कामा नये.

हे उगीच घाबरवण्यासाठी सांगत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून गेलेले आठ प्रवासी एका खोलीत झोपले होते. त्यांत चार मुलं होती. दारं-खिडक्या बंद आणि आत गॅसचा हीटर. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले. त्यांतलं कुणीच वाचलं नाही. ती तर हॉटेलची खोली होती. गाडीतली जागा त्याहून किती लहान!

गॅस, रॉकेल, कोळसा, काहीही जळताना हवेतला प्राणवायू खर्च होतो. तो पुरेसा मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडर गळला तर आपल्याला कळतं, कारण त्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. या विषाला तशी काही खूण नाही. ते रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतं. मुलांचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो, म्हणून त्यांना ते लवकर बाधतं.

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, "अगं, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायचीच की! काय झालं आम्हाला?" जुन्या घरांना कौलं होती, दारांना फटी होत्या. धूर आपोआप बाहेर जायचा, तरीही धोका होताच. गाडीची दारं रबराच्या पट्ट्यांनी घट्ट बसतात. तिथे शेगडी नको, आणि ओट्यावरची गॅसची चूल पेटवून गाडी गरम करणंही नको. "खिडकी दोन बोटं उघडी ठेवली की झालं" हेही खरं नाही. तेवढ्याने धोका टळत नाही. काही गॅस हीटर प्राणवायू कमी झाला की आपोआप बंद होतात, असं दुकानदार सांगतो. ते खरं आहे, पण ती कळ विषारी वायू मोजत नाही. शिवाय एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. ती काचांवर साचते आणि पांघरुणं दमट होतात, ते वेगळंच.

मग घ्यायचं काय? मुक्कामाच्या जागी वीज मिळणार असेल तर विजेचा हीटर उत्तम. त्यातही लालभडक तारेचा नको. लहान बोटं जाळीतून आत जातात, आणि अंगावरची शाल त्यावर पडायला वेळ लागत नाही. फण्या-फण्यांचा, आत तेल भरलेला हीटर बरा. त्यात लाल तार दिसत नाही आणि बंद केल्यावरही तो काही वेळ ऊब देत राहतो. मात्र तो जड असतो आणि त्याच्या फण्याही तापतात, म्हणून मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवावा आणि गाडी चालताना पक्का बांधून ठेवावा. आय.एस.आय. चिन्ह, कलंडला तर आपोआप बंद होण्याची सोय आणि जास्त तापला तर वीज तोडणारी सोय, या तीन गोष्टी पाहूनच पैसे द्यावेत.

वॅटचा हिशेबही बघा. दीड हजार वॅटचा हीटर सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतो. साध्या ६ अँपिअरच्या प्लगला तो झेपत नाही, १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. एक्स्टेन्शनच्या बारीक वायरवर तो लावूच नये. आणि गाडीच्या बॅटरीचा भरवसा नको. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी हजार वॅटच्या हीटरला तासभर धड पुरत नाही.

वीज नसलेल्या ठिकाणी राहणार असाल, तर गाडीला कायमचा बसवलेला डिझेल हीटर असतो. त्याचं जळण बंद डब्यात होतं, हवा बाहेरून घेतली जाते आणि धूर नळीने बाहेर जातो. तो जाणकार कारागिरानेच बसवलेला आणि तपासलेला असावा. गाडी ताब्यात घेताना धुराची नळी कुठे निघते ते स्वतः वाकून पाहा. रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपणं मात्र कटाक्षाने टाळा. बर्फाने किंवा चिखलाने मागची नळी बुजली तर धूर आत येतो.

हीटर कोणताही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत घ्याच. गाड्यांसाठी ईएन ५०२९१-२ हे मानक आहे, ते खोक्यावर पाहा. बटण दाबून आवाज येतो ना, ते रोज तपासा. धुराचा अलार्म वेगळा, तो याचं काम करत नाही.

हीटरपासून पांघरूण, पडदे, मुलांचे कपडे निदान तीन फूट लांब ठेवा. त्यावर ओले मोजे वाळत घालू नका. झोपण्याआधी गाडी उबदार करून घ्या आणि निजताना हीटर बंद करा. पुढच्या काचेला आतून जाड चादर लावा, खाली सतरंजी घाला, मुलांना लोकरीचे मोजे आणि टोपी घाला. गरम पाण्याची पिशवी आधी अंथरुणात फिरवून मग काढून घ्या. एवढं केलं की गोधडीत मुलं छान निजतात.

आणि एक लक्षात असू द्या. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, जास्त झोप येणं, हे एकाच वेळी दोघा-तिघांना होऊ लागलं, तर "जेवण बाधलं" म्हणून ओव्याची फक्की देत बसू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, मग ११२ ला फोन करून दवाखाना गाठा. बाहेर आल्यावर बरं वाटलं, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा गाडीत झोपायला जाऊ नका.