फुलांचा कवी कोणत्या मातीतला?

ख्रिस्ती उपासनासाहित्यात एक अनुभव पुनःपुन्हा वर्णिलेला आढळतो. मनुष्य ख्रिस्ताला शरण गेला की त्याच्या दृष्टीवरचे पटल दूर होते. कालपर्यंत जे आकाश नुसते आकाश होते आणि जे गवत नुसते गवत होते, त्यात त्याला निर्मात्याचा हात दिसू लागतो. अठराव्या शतकातील अमेरिकन धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌स याने आपल्या आत्मकथनात हेच लिहून ठेवले आहे. पूर्वी मेघगर्जनेने भयभीत होणारा हा माणूस धर्मजागृतीनंतर त्याच गर्जनेने हर्षित होऊ लागला. सूर्य, चंद्र, ढग, झाडे, फुले, सर्वच त्याला नवे भासू लागले. एडवर्ड्‌सच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही.

शंका आहे ती या अनुभवातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाविषयी. एका भाविकाची अनुभूती हळूहळू पंथाचा मक्ता बनते, आणि ज्याने बाप्तिस्मा घेतला नाही त्याची सृष्टीकडे पाहण्याची दृष्टी भयग्रस्त, जडपूजक किंवा अपुरी ठरते. महाराष्ट्रात हा निष्कर्ष मांडायचा झाला की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव हाताशी असतेच. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी शाळांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ज्यांना ओळखले, त्यांचे निसर्गप्रेम हे त्यांच्या धर्मांतराचे फळ होय, असे सुचविण्याचा मोह अनेकांना होतो. टिळकांचे चरित्र मात्र या मोहाला साथ देत नाही.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कवितेचा ओढा त्यांच्याकडे आला तो आई जानकीबाईंकडून. आईचे छत्र हरपल्यावर हा पोरका मुलगा नाशिकला पोहोचला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ संस्कृत शिकला. १८८० मध्ये गोदाकाठच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या त्यांच्या घरी आली. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्या याच. १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी टिळक तेहतीस वर्षांचे होते. ज्या वयात माणसाचे डोळे घडतात ते वय केव्हाच मागे पडले होते, आणि ते गेले होते कोकणच्या डोंगरात व गोदावरीच्या काठी.

नाशिकला संस्कृत शिकणे म्हणजे काय, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. परंपरेने जिला पंचवटी मानले, तीच ही भूमी. सीतेचे हरण झाल्यावर व्याकूळ झालेला राम अरण्यकांडात झाडांना तिचा ठाव विचारतो. कदंबाला विचारतो, अर्जुनवृक्षाला विचारतो, वनातल्या पशूंना विचारतो. झाड उत्तर देऊ शकेल असे ज्या काव्यात गृहीत धरलेले आहे, त्या काव्याच्या गावी टिळक वाढले. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आठवावी. शिकाऱ्याच्या घावाने विव्हळणारी पक्षिणी शेवटच्या बळाने पिलांकडे परतते, हा तिचा विषय. ज्याला क्रौंचवधाची कथा ठाऊक आहे त्याला या कवितेचे कूळ शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. मराठी संतांकडून मिळालेला वारसा तर टिळकांनी कधी लपविलाच नाही. वृक्षवेलींना आप्तस्वकीय मानणाऱ्या तुकोबांच्या आधाराने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते स्वतःच सांगत. ख्रिस्तालाही त्यांनी ‘माउली’ म्हणून हाक मारली, ती वारकऱ्यांच्या मुखातूनच उचललेली.

याहून बोलका पुरावा टिळकांच्या घरातच जेवत होता. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या खानदेशातल्या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला जवळ केले, अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे सांभाळले. त्या घरात प्रार्थना होत, पदे गायिली जात. बालकवींनी बाप्तिस्मा मात्र घेतला नाही आणि टिळकांनीही त्यांच्यावरची माया कमी केली नाही, हे दोघांच्याही मोठेपणाचे. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी हा कवी गेला. ‘फुलराणी’, ‘औदुंबर’, ‘श्रावणमास’, ‘निर्झरास’ ही त्याची मागे राहिलेली संपत्ती. निसर्ग पाहण्यासाठी ख्रिस्ती श्रद्धेचे डोळे लागत असते, तर त्या घरातून मराठीतला सर्वश्रेष्ठ निसर्गकवी न्हाऊमाखू न होताच कसा बाहेर पडला?

उलट प्रश्न पाश्चात्त्य ख्रिस्ती जगालाच विचारायला हवा, आणि तो विचारलाही गेला आहे, तोही आतून. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वी व्यापून टाकण्याचा आणि ती आपल्या सत्तेखाली आणण्याचा आदेश आहे. १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील गाजलेल्या लेखात लिन व्हाइट या इतिहासकाराने पर्यावरण-संकटाची मुळे याच विचारात शोधली. व्हाइट स्वतः ख्रिस्ती होता, आणि त्याने उपाय म्हणून असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव सुचविले. सूर्याला बंधू आणि पाण्याला भगिनी म्हणणारा हा संत! (आपल्याकडच्या आजीला यात नवल वाटले नसते. तिचा चंद्र मुलांचा मामाच होता.) १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा रक्षक-संत घोषित केले, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने निरंकुश सत्तेचा तो अर्थ चुकीचा असल्याचे स्पष्ट सांगितले. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दिलेला लढा नाकारणे तर कृतघ्नपणाचेच होईल. परंतु ज्या संस्थेला आपला ग्रंथ नव्याने वाचावा लागला, तिच्या प्रचारकांनी इतरांच्या दृष्टीवर पडदा असल्याचे सांगू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. आणि वसईच्या फादरांचे प्रेमही वसईच्याच वाड्यांवर आणि विहिरींवर होते. ते कुठल्या परदेशी बंदरातून उतरले नव्हते.

मग टिळकांना ख्रिस्ती धर्माने काहीच दिले नाही काय? असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने सातारला ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली; पण १९१९ मध्ये देह ठेवीपर्यंत ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा ढळली नाही. त्यांना तिथे मिळाले ते माणसाविषयीचे काही. ते काय, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळते. जलालपूरच्या त्या घरातील वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहिला आहे, पण त्या हसण्याखाली घरातल्या बायकांचे पिचलेले जिणे आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर गोदावरी वाहत होती, आणि त्या घराला तिचा उपयोग विटाळ धुण्यापुरता उरला होता. जातीचे भेद देवाने केलेले नाहीत, या निर्णयापर्यंत लक्ष्मीबाई स्वतः विचार करूनच आल्या, आणि त्याही बाप्तिस्म्यापूर्वी. हा विचार त्यांना एकटीने करावा लागला, त्यांच्या समाजाने तो त्यांच्यासाठी केला नाही. टिळक का गेले, याचे उत्तर मिशनऱ्यांच्या कारस्थानात शोधणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा उघडावे.

तेव्हा सृष्टीकडे पाहण्याची दृष्टी या भूमीची आहे, ती कोणाकडून उसनी आणावी लागत नाही, हा दावा पुराव्याने सिद्ध होतो. मात्र हा दावा शंभर वर्षांपूर्वीच्या कवींच्या जोरावर किती काळ चालवायचा? गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या शहराने रामकुंडाच्या परिसरात तिच्या पात्रात काँक्रीट ओतले. ते काढावे आणि नदीत सांडपाणी सोडू नये, यासाठी नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२५ च्या अखेरीस, २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचे म्हणून तपोवनातील शेकडो झाडांवर कुऱ्हाड चालविण्याचा प्रस्ताव महापालिकेने पुढे आणला. तपोवनात, साधूंसाठी, झाडे तोडून! नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यांनी लेखी हरकती दिल्या, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. त्या हरकतींच्या कागदांवर धर्माचे नाव रोज घेणाऱ्यांच्या सह्या किती होत्या, हे पंचवटीतल्या प्रत्येक शाखेने आणि प्रत्येक मंडळाने आपले आपण मोजून पाहावे.