मैदान मिळाले, खुर्चीचे काय?

आपल्या वस्तीतली मुलगी पदक घेऊन आली की आपण बॅनर लावतो, मिरवणूक काढतो. चांगलेच आहे. पण तिला शिकवतो कोण, संघ निवडतो कोण, मानधन ठरवतो कोण, हे विचारत नाही. खेळातली सत्ता तिथे असते.

झिना गॅरिसनचे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या ह्यूस्टनची ही कृष्णवर्णीय मुलगी महागड्या क्लबात नाही, तर मॅकग्रेगर पार्क या सार्वजनिक बागेतल्या कोर्टवर टेनिस शिकली. तिथे जॉन विल्करसन हे कृष्णवर्णीय प्रशिक्षक वस्तीतल्या मुलांना घडवत. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये झिनाने दुहेरीत सुवर्ण, एकेरीत कांस्य मिळवले. 1990 मध्ये मोनिका सेलेस आणि स्टेफी ग्राफ यांना हरवून तिने विम्बल्डनची अंतिम फेरी गाठली. 1958 मधल्या अल्थिया गिब्सननंतर तिथवर पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री.

निवृत्तीनंतर तिने ह्यूस्टनमध्ये गरीब मुलांसाठी टेनिसचे वर्ग चालवले. 2004 ते 2008 ती अमेरिकेच्या फेड कप संघाची कर्णधार होती. हे पद प्रशिक्षकाचेच. तिथून गेल्यावर, 2009 मध्ये, तिने अमेरिकन टेनिस संघटनेवर वर्णभेदाचा दावा लावला. पुरुष संघाच्या गोऱ्या कर्णधाराच्या तुलनेत आपल्याला दुय्यम वागणूक मिळाली, असे तिचे म्हणणे होते. प्रकरण तडजोडीने मिटले. प्रश्न मिटला नाही.

'खेळात जात नसते, वर्ण नसतो, फक्त गुणवत्ता असते' असे सांगणारे भेटतात. कोर्टवर ते बऱ्याच अंशी खरे आहे. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे सगळ्यांना दिसते. पण कर्णधार किंवा प्रशिक्षक नेमताना अशी रेषा नसते. तो निर्णय बंद खोलीत होतो, आणि भेदभाव त्याच खोलीत बसतो.

आपला पळवणकर बाळू आठवा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. ते लपवता आले नाहीत. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही 1923 मध्ये.

म्हणून तरुणांनो, खेळणे संपले की मैदान सोडू नका. प्रशिक्षकाचा डिप्लोमा करा, पंचाची परीक्षा द्या, जिल्हा संघटनेच्या निवडणुकीत उतरा. पुढच्या मुलीला टाळ्या वाजवणारे खूप मिळतील. तिच्या बाजूने त्या खोलीत बोलणारा कोणीतरी हवा.